क्षयाच्या जिवाणूचा जीनोम कसा वाचायचा: जनुकाच्या नावाआधी त्याचा शेजार

एखादे जनुक अभ्यासाला दिले की विद्यार्थी पहिल्यांदा त्याचा क्रम ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधून देणाऱ्या साधनात) टाकतो आणि यादीत सर्वांत वर आलेले नाव वहीत उतरवतो. माझा आग्रह नेमका उलट आहे. नाव शेवटी बघा. आधी ते जनुक जीनोमवर, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएवर, कुठे बसले आहे, कोणत्या दिशेने वाचले जाते, मागेपुढे कोण आहे आणि मधली जागा किती आहे ते बघा. जिवाणूंमध्ये जनुकांची मांडणीच बरेच काही सांगते, आणि ती वाचायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

सरावासाठी मी क्षयाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस, निवडला आहे. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यामुळे या जीनोमबद्दल शिकलेले आपल्याकडे वाया जात नाही. शिवाय तो चांगला तपासलेला आहे. २०१० साली सीएसआयआरच्या खुल्या औषधशोध प्रकल्पाने याच जीनोमच्या नोंदी पुन्हा तपासण्यासाठी देशभरातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेतले होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या जिवाणूचे संवर्धन फक्त तिसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेतच करायचे असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत थुंकीच्या नमुन्यातून तो वाढवण्याचा विचारही करू नका. खालचे सगळे काम संगणकावरचे आहे.

फाइल आणि तिची आवृत्ती

लागेल ते एवढेच: साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि जीनोम पाहण्याचे आर्टेमिस हे मोफत सॉफ्टवेअर. आर्टेमिस इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले. ते चालवायला संगणकावर जावा लागते.

एनसीबीआय या अमेरिकी जनुकीय माहिती-भांडाराच्या संकेतस्थळावर न्यूक्लिओटाइड विभागात जाऊन रोमन अक्षरांत ‘एनसी_०००९६२.३’ हा क्रमांक शोधा. हा एच३७आरव्ही नावाच्या प्रमाण वाणाचा जीनोम. हा वाण १९०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरानॅक लेक इथे एका रुग्णापासून मिळवलेल्या जिवाणूचा वंशज आहे. ‘सेंड टू’मधून फाइल निवडा आणि प्रकार ‘जेनबँक फुल’ ठेवा. नुसते ‘जेनबँक’ निवडले तर मोठ्या नोंदींत कधी कधी क्रमच येत नाही.

क्रमांकाच्या शेवटचा ‘.३’ वहीत लिहून ठेवा. १९९८ मध्ये हा जीनोम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची लांबी ४४,११,५२९ बेस (डीएनएची अक्षरे) होती, आजच्या आवृत्तीत ती ४४,११,५३२ आहे. फरक तीन बेसचा, पण एका बेसने जागा सरकली तरी कोडॉन, म्हणजे अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत, चुकतो. कोणत्याही जागेचा आकडा आवृत्तीशिवाय लिहिला तर तो निरुपयोगी समजा.

पहिले दहा हजार बेस सावकाश वाचा

आर्टेमिसमध्ये फाइल उघडली की वर-खाली सहा पट्ट्या दिसतात. डीएनएच्या प्रत्येक धाग्यावर तीन-तीन अक्षरे वाचायला तीन ठिकाणांहून सुरुवात करता येते, म्हणून दोन धाग्यांच्या मिळून सहा वाचनचौकटी. त्यांतल्या काळ्या उभ्या रेघा म्हणजे थांब्याचे कोडॉन: टीएए, टीएजी किंवा टीजीए.

आता फक्त पहिली सहा जनुके बघा. वहीत तीन रकाने पाडा: सुरुवात, शेवट आणि पुढच्या जनुकापर्यंतची मोकळी जागा.

पहिले डीएनए-ए, १ ते १,५२४. त्यानंतर डीएनए-एन, २,०५२ ते ३,२६०. मग रेक-एफ, ३,२८० ते ४,४३७. चौथ्याला नुसता क्रमांक आहे, आरव्ही ०००४, ४,४३४ ते ४,९९७. पाचवे जायर-बी, ५,२४० ते ७,२६७ आणि सहावे जायर-ए, ७,३०२ ते ९,८१८.

लांबीचा हिशेब करून बघा. डीएनए-एचे १,५२४ बेस, भागिले तीन, म्हणजे ५०८ कोडॉन. शेवटचा थांब्याचा, म्हणून प्रथिनात ५०७ अमिनो आम्ले. तीनने भाग गेला नाही तर आकडा उतरवताना चूक झाली आहे किंवा ते जनुक मोडके आहे.

मग मोकळ्या जागांकडे वळा. डीएनए-ए आणि डीएनए-एन यांच्यामध्ये १,५२५ ते २,०५१ म्हणजे ५२७ बेस रिकामे आहेत. ज्या जीनोमचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांच्या जनुकांनी व्यापलेला आहे, तिथे एवढी जागा उगाच सुटत नाही. इथेच या गुणसूत्राच्या प्रतिकरणाचा (डीएनएची प्रत बनण्याचा) उगम आहे. डीएनए-ए या प्रथिनाचे रेणू याच पट्ट्यातल्या ठरावीक नऊ-नऊ अक्षरांच्या खुणांना चिकटतात आणि दोन धागे उलगडायला सुरुवात होते. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधली अशी खूण टीटीएटीसीसीएसीए आहे. हा नमुना, एक-दोन अक्षरे चुकली तरी चालतील अशी सूट ठेवून, या ५२७ बेसमध्ये दोन्ही धाग्यांवर शोधा.

याच्या उलट टोक रेक-एफच्या शेवटाला आहे. रेक-एफ ४,४३७ वर संपते आणि पुढचे जनुक ४,४३४ वर सुरू होते. म्हणजे चार बेस दोघांचे सामाईक. थोडा विचार केला तर त्या चार अक्षरांतली शेवटची तीन न बघताही सांगता येतात. जिवाणूंचा आरंभ कोडॉन बहुतेक वेळा एटीजी, जीटीजी किंवा टीटीजी असतो, म्हणजे दुसरे-तिसरे अक्षर टी आणि जी. ‘टीजी’ने सुरू होणारा थांबा एकच: टीजीए. म्हणून ती चार अक्षरे ‘काहीतरी-टीजीए’ अशीच असणार. आर्टेमिसमध्ये तिथे जाऊन खात्री करा. अशी जुळणी असली की रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारे पेशीतले यंत्र, एक जनुक संपवून तिथूनच पुढचे सुरू करू शकतो. त्यामुळे ही दोन्ही जनुके एकाच आरएनएवर असण्याची शक्यता खूप वाढते.

आणि आता माझा मुद्दा ज्यावर उभा आहे ते जनुक. १९९८ च्या नोंदीत आरव्ही ०००४ पुढे कामाचा उल्लेख नव्हता, केवळ एक गृहीत प्रथिन म्हणून ते नोंदले होते. पण त्याचे शेजारी बघा: प्रतिकरण सुरू करणारे डीएनए-ए, पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारे डीएनए-एन, डीएनए दुरुस्तीतले रेक-एफ आणि पीळ सोडवणारी जायर-बी, जायर-ए ही जोडी. अशा शेजारात बसलेले प्रथिन प्रतिकरणाशी संबंधित असावे, हा अंदाज कोणत्याही प्रयोगाआधी बांधता येत होता. २०१६-१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कामातून तसेच निघाले. हे प्रथिन डीएनए उलगडणाऱ्या हेलिकेजशी जोडलेले आहे आणि क्षयाच्या जिवाणूला ते अत्यावश्यक आहे.

बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या जिवाणूच्या जीनोमची सुरुवातही उघडून बघा. तिथेही डीएनए-ए, डीएनए-एन, रेक-एफ, जायर-बी आणि जायर-ए याच क्रमाने येतात, मध्ये एखाद-दुसरे छोटे जनुक एवढाच फरक. ई. कोलायमध्ये मात्र डीएनए-एचा हा गट उगमापासून ४० हजारांहून अधिक बेस दूर आहे, आणि जायर-ए तर गटातच नाही.

खरे जनुक आणि भासणारे जनुक

या जीनोममध्ये जी आणि सी यांचे प्रमाण ६५.६ टक्के आहे. त्याचा एक त्रासदायक परिणाम आर्टेमिसच्या पट्ट्यांत लगेच दिसतो. थांब्याच्या तिन्ही कोडॉनमध्ये ए आणि टी जास्त आहेत. चारही अक्षरे समान प्रमाणात असती तर योगायोगाने दर २१ कोडॉनमागे एक थांबा आला असता. इथे तो सुमारे ४१ कोडॉनमागे एक येतो. त्यामुळे जनुक नसलेल्या चौकटीतही लांबच लांब मोकळे पट्टे दिसतात, अनेकदा खऱ्या जनुकाच्या अगदी समोर, उलट्या धाग्यावर. ‘लांब मोकळी चौकट म्हणजे जनुक’ हा नियम ई. कोलायवर शिकलेला विद्यार्थी इथे फसतो.

उपाय आर्टेमिसच्या ग्राफ मेनूत आहे: ‘जीसी फ्रेम प्लॉट’. खऱ्या जनुकात कोडॉनचे तिसरे अक्षर बदलले तरी अमिनो आम्ल बहुतेक वेळा तेच राहते, म्हणून जीसीचा सगळा भार तिसऱ्या जागेवर साचतो. ज्या चौकटीत तिसऱ्या जागेची रेघ बाकी दोघींपासून वेगळी होऊन वर राहते, ती चौकट खरी. पाच-सहा जनुकांवर हे केले की डोळा बसतो.

आरंभ कोडॉन ठरवणे याहून अवघड आहे. क्षयाच्या जिवाणूत सुमारे ३५ टक्के जनुके जीटीजीने सुरू होतात, ई. कोलायमध्ये हे प्रमाण १४ टक्के आहे. त्यातच इथले सुमारे पाव आरएनए थेट आरंभ कोडॉनपासूनच सुरू होतात. रायबोसोमला बसण्याची जी खूण आपण आरंभाच्या आधी शोधतो, ती त्यांच्यात नसतेच. म्हणून नोंदीतली सुरुवात हा एक अंदाज समजा. जायर-बीचेच बघा. जुन्या आवृत्तीत ते ५,१२३ वर सुरू व्हायचे आणि प्रथिन ७१४ अमिनो आम्लांचे होते. आता सुरुवात ५,२४० वर आहे आणि प्रथिन ६७५ चे. जुन्या शोधनिबंधातला अमिनो आम्लाचा क्रमांक नव्या फाइलवर लावाल तर ३९ घरे चुकाल.

क्रमांकांची पद्धत

इथे वेळ कमी लागतो. आरव्हीनंतरचा आकडा हा जीनोमवरचा अनुक्रम आहे. शेवटी ‘सी’ असेल तर जनुक उलट्या धाग्यावर. मागाहून सापडलेल्या जनुकाला शेजाऱ्याच्याच आकड्यापुढे ‘ए’, ‘बी’ लावतात. प्रत्येक जनुकाची अद्ययावत माहिती मायकोब्राउझर या स्वित्झर्लंडमधून चालणाऱ्या मोफत संकेतस्थळावर मिळते. तो टॅब कायम उघडा ठेवा.

उगम आणि अंत: हा एक प्रयोग ई. कोलायवर करा

जिवाणूचे गोल गुणसूत्र फाइलमध्ये सरळ रेषेत दाखवायचे तर ते कुठेतरी कापावे लागते, आणि कुठे कापायचे हा केवळ संकेत असतो. क्षयाच्या फाइलमध्ये पहिला बेस डीएनए-एचा आहे. ई. कोलाय के-१२ च्या एमजी१६५५ वाणात तो थ्रिओनीन बनवणाऱ्या जनुकांजवळ आहे, कारण जुन्या संकर-प्रयोगांवर आधारलेल्या जनुकीय नकाशाचा शून्य तिथे होता. मग खरा उगम कसा सापडायचा?

‘एनसी_०००९१३.३’ ही ४६,४१,६५२ बेसची फाइल उतरवा. दहा-दहा हजार बेसचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात जी वजा सी, भागिले जी अधिक सी, असा आकडा काढा आणि तो सुरुवातीपासून मिळवत चला. बायोपायथॉनमध्ये हे काही ओळींचे काम आहे, स्प्रेडशीटवरही जमते. आलेख एका ठिकाणी तळ गाठतो आणि एका ठिकाणी शिखर. तळ सुमारे ३९ लाख २५ हजारांजवळ, हा उगम. शिखर सुमारे १६ लाखांजवळ, हा अंत. प्रतिकरणात सलग तयार होणाऱ्या धाग्यावर जी थोडा जास्त साचतो, त्याची ही खूण. १९९६ मध्ये फ्रेंच संशोधक ज्यां लोब्री यांनी हा असमतोल मांडला.

जनुकांच्या दिशा मोजल्या तरी हाच उगम-अंताचा अक्ष जाणवतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये सुमारे ७५ टक्के जनुके प्रतिकरणाच्या दिशेनेच वाचली जातात, क्षयाच्या जिवाणूत ५९ आणि ई. कोलायमध्ये ५५ टक्के.

ऑपेरॉन: अंदाज बांधा, पण तेवढ्यावर थांबू नका

ऑपेरॉन म्हणजे एकाच आरएनएवर एकत्र उतरणारी शेजारची जनुके. सारखी दिशा आणि मधली जागा पन्नास बेसच्या आत, एवढ्या दोन अटींवर पहिली यादी बनते. आरपीओ-बी ७,६३,३२५ वर संपते, आरपीओ-सी ७,६३,३७० वर सुरू होते. मध्ये ४४ बेस, दोन्ही आरएनए पॉलिमरेजचे भाग, एकाच दिशेने. यादीत घ्या. पण पन्नास हा आकडा माणसाने ठरवलेला आहे. जनुके खरोखर एकाच आरएनएवर आहेत का, हे आरएनए-सेकच्या (आरएनएच्या क्रमवाचनाच्या) सार्वजनिक डेटावरून तपासा. दोन जनुकांमधल्या जागेवरही वाचने (क्रमवाचनातून मिळालेले तुकडे) सलग पडली असतील तर अंदाजाला आधार मिळतो.

तपासणी अहवालातून जीनोमवर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण हेच काम पुढे रुग्णांच्या उपयोगाचे ठरते.

रिफाम्पिसिन हे औषध आरपीओ-बीच्या प्रथिनाला चिकटते. जनुक ७,५९,८०७ पासून सुरू होते आणि पुढच्या धाग्यावर आहे. सर्वाधिक आढळणारा प्रतिरोधी बदल ४५० व्या कोडॉनमध्ये होतो. जागा काढा: ७,५९,८०७ अधिक (४४९ गुणिले ३), म्हणजे ७,६१,१५४. हे त्या कोडॉनचे पहिले अक्षर. बदल मधल्या अक्षरात, ७,६१,१५५ वर, सीचा टी होतो. टीसीजीचा टीटीजी, सेरीनच्या जागी ल्यूसीन. जुन्या अहवालांत हाच बदल ‘५३१’ असा लिहिलेला सापडेल, कारण तेव्हा ई. कोलायमधला क्रमांक वापरत असत. सरकारी दवाखान्यात होणारी सीबीनॅट चाचणी याच जागेभोवतीच्या ८१ बेसच्या पट्ट्याची तपासणी करते.

आता उलट्या धाग्यावरचे गणित. आयसोनियाझिड हे औषध शरीरात सक्रिय रूपात येण्यासाठी जिवाणूचेच कॅट-जी हे प्रथिन लागते. त्याचा क्रमांक आरव्ही १९०८सी, जागा २१,५३,८८९ ते २१,५६,१११. शेवटी ‘सी’ आहे, म्हणून जनुकाची सुरुवात मोठ्या आकड्याकडे. कोडॉन ३१५ साठी २१,५६,१११ वजा (३१४ गुणिले ३), म्हणजे २१,५५,१६९. मधले अक्षर २१,५५,१६८. जनुकात एजीसीचा एसीसी होतो, म्हणजे जीचा सी. पण फाइलमध्ये पुढचा धागा छापलेला असतो, त्यामुळे बदलांच्या यादीत तुम्हाला तिथे सीचा जी झालेला दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. हे ज्याला पक्के समजले, त्याचे अर्धे काम झाले.

तिसरे उदाहरण मांडणीचेच आहे. ई. कोलायकडे रायबोसोमच्या आरएनएचे सात संच आहेत, क्षयाच्या जिवाणूकडे एकच. म्हणून १६एस आरएनएच्या जनुकात १४०१ व्या जागी, जीनोमवर १४,७३,२४६ वर, एचा जी झाला की त्याचे सगळे नवे रायबोसोम बदलतात आणि अमिकासिन निष्प्रभ होते. सात संच असते तर एका प्रतीतला बदल उरलेल्या सहांनी झाकला असता.

जे नाही तेही वाचा

४३,५२,२७४ या जागेवर जा. तिथे ईएसएक्स-बी आणि ३२ बेस सोडून लगेच ईएसएक्स-ए अशी दोन छोटी जनुके आहेत. आता बीसीजी लशीच्या वाणाचा जीनोम याच पट्ट्यात जोडून बघा, आर्टेमिसचेच भावंड असलेल्या ‘अ‍ॅक्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये. सुमारे साडेनऊ हजार बेसचा तुकडा तिथे नाहीच. काल्मेट आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात फ्रान्समध्ये गायीच्या क्षयजिवाणूची २३० पुनर्संवर्धने केली, त्या काळात हा भाग गळाला. त्याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. रक्तातल्या इंटरफेरॉन-गॅमा चाचण्या याच दोन प्रथिनांवर बेतल्या आहेत. म्हणून लहानपणी बीसीजी घेतलेल्या माणसात केवळ लशीमुळे त्या सकारात्मक येत नाहीत.

स्वतः नवा नमुना वाचताना

क्रमनिर्धारणाचा कच्चा डेटा एनसीबीआयच्या एसआरए किंवा युरोपच्या ईएनए भांडारातून मोफत मिळतो. १५० बेसच्या १५ लाख जोड्या असतील तर एकूण ४५ कोटी बेस होतात. भागिले ४४ लाख, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी १०० हून थोडी अधिक वेळा वाचली गेली. सरावाला हे भरपूर आहे. दर्जा फास्टक्यूसीने तपासा, फास्टपीने छाटा, बीडब्ल्यूएने एच३७आरव्हीवर जुळवा. प्रतिरोधासाठी टीबी-प्रोफायलर चालवा, पण त्याने दिलेला प्रत्येक बदल वर सांगितलेल्या गणिताने एकदा हाताने पडताळा.

एक सावधगिरी. पीई आणि पीपीई या प्रथिन-कुटुंबांची जनुके या जीनोमच्या जनुकक्षेत्राचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात आणि त्यांच्यात एकमेकांसारखे पुनरावृत्त तुकडे आहेत. १५० बेसचे वाचन नेमके कुठले, हे तिथे ठरवता येत नाही. या भागातले बदल आखूड वाचनांवरून खरे मानू नका. नॅनोपोअर किंवा पॅकबायोची लांब वाचने असतील तर फ्लायने नव्याने जुळणी करा आणि बाक्टाने जनुके नोंदवा.

एक अनोळखी जनुक घ्या

मायकोब्राउझरवर ‘कन्झर्व्ह्ड हायपोथेटिकल’ असे लिहिलेले कोणतेही एक जनुक निवडा. वहीत क्रमाने उतरवा: फाइलची आवृत्ती, जागा, धागा, दोन्ही बाजूंचे तीन-तीन शेजारी, मधल्या जागा, तिसऱ्या अक्षराचा जीसी आलेख.

मग ते कुष्ठरोगाच्या जिवाणूत आहे का ते शोधा. मायकोबॅक्टेरियम लेप्रीचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वाणाचा क्रम वाचला गेला, तो मूळचा तमिळनाडूतल्या रुग्णाचा. लांबी ३२,६८,२०३ बेस, चालू प्रथिन-जनुके सुमारे १,६०० आणि मोडलेली १,१०० च्या वर. एवढी पडझड होऊनही जे जनुक तिथे शाबूत राहिले, ते बहुधा महत्त्वाचे काम करते. आरव्ही ०००४ चा जोडीदार तिथे आहे, आणि शेजारीही तेच. तुमच्या जनुकाचे शेजारी दोन्ही जिवाणूंत सारखे निघाले, तर त्यांच्या कामांची यादी करा आणि त्यावरून आपला अंदाज एका वाक्यात लिहा. तो लिहून झाल्यावरच इंटरप्रो (प्रथिन-कुटुंबे ओळखणारे संकेतस्थळ) आणि ब्लास्ट उघडा. त्यांचे उत्तर वेगळे आले तर स्वतःचे वाक्य खोडू नका. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा आणि कोणता पुरावा कोणत्या बाजूने आहे ते खाली लिहा.